टोळीतला धडधाकट गडी

द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बांधावर बसलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा बहुधा पन्नाशी ओलांडलेला बागायतदार असतो आणि त्याच्या खिशात बीपीच्या गोळ्यांचं पाकीट असतं. समोर पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी मांडवाखाली हात वर करून विरळणी करत असते. तो म्हणतो, "हे लोक भाकरी-चटणी खातात, झोपडीत झोपतात, दिवसभर राबतात. शुगर आम्हाला, बीपी आम्हाला. यांना काहीच कसं होत नाही?"

त्याच गावात, टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीबाहेरच्या चहाच्या टपरीवर उलटा सूर ऐकू येतो. क्रेट भरायला, गाड्या लादायला उत्तर प्रदेश-बिहारकडची पोरं आलेली असतात. कुणीतरी ग्लास खाली ठेवत म्हणतं, "साथी येतात त्या या बाहेरच्यांमुळंच."

म्हणजे बाहेरून आलेला माणूस एकाच गावात आपल्यापेक्षा ठणठणीतही असतो आणि आपल्यापेक्षा रोगटही. दोन्ही बोलणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच सांगितलेलं असतं. दोघांचं चुकतं ते मोजण्यात. कसं, ते एकेक पायरी चढत पाहू.

१. स्थलांतरित म्हणायचं कुणाला?

आपण 'स्थलांतरित' म्हटलं की परप्रांतातला माणूस डोळ्यांसमोर येतो. कायद्याच्याही डोळ्यांसमोर तोच आहे. १९७९ साली झालेला स्थलांतरित कामगारांचा केंद्रीय कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. सुरगाण्याचा माणूस पिंपळगावला येतो तेव्हा तो राज्याची काय, नाशिक जिल्ह्याचीही हद्द ओलांडत नाही.

तब्येतीच्या दृष्टीने मात्र तो दुसऱ्या मुलखात आलेला असतो. त्याचा मुलूख सह्याद्रीच्या माथ्याचा. तिथे पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्याहंड्यासाठी पायपीट. भात, नागली, वरई निघाली की शेतात काम उरत नाही. पिंपळगाव ज्यात येतं त्या निफाड तालुक्यात पाऊस बेताचा, पण विहिरी, कालवे आणि ठिबक यांच्या जोरावर बागा उभ्या आहेत, आणि नेमकं त्याच महिन्यांत इथे माणूसबळ लागतं. म्हणून डोंगरावरची माणसं खाली येतात.

या माणसाचं पाणी, थंडी, काम, झोपायची जागा आणि जवळचा दवाखाना हे सगळं एकदम बदलतं. आरोग्यशास्त्राला स्थलांतर म्हणायला एवढं पुरे. नकाशावरची रेघ ओलांडली की नाही, याला तिथे फारसं महत्त्व नाही.

२. आधी वयाचा हिशेब

बागायतदाराच्या प्रश्नाचा अर्धा निकाल इथेच लागतो. तुमच्याकडे चार वर्षांची थॉमसनची बाग आहे आणि शेजाऱ्याकडे पंधरा वर्षांची. शेजाऱ्याचा माल कमी निघाला म्हणून त्याची जमीन वाईट ठरवाल का? नाही ठरवणार. आधी वेलीचं वय विचाराल.

माणसांच्या बाबतीत हा प्रश्न आपण विसरतो. टोळीत अठरा ते पस्तीस वयाची माणसं जास्त असतात, आणि शुगर-बीपी हे बहुतेकांना चाळिशीनंतर गाठणारे आजार आहेत. पंचविशीच्या पोराची तुलना पन्नाशीच्या मालकाशी केली तर पोरगा जिंकणारच. तुलना करायची तर त्याची मालकाच्या पंचविशीच्या मुलाशी करावी. म्हणूनच जाणकार दोन समाजांचं आरोग्य ताडताना आधी वयाचा फरक काढून टाकतात आणि मग बोलतात.

३. चाळणी

वयाचा फरक काढल्यावरही अनेक ठिकाणी बाहेरून आलेले लोक स्थानिकांपेक्षा निरोगी दिसतात. अमेरिकेत १९८६ साली मार्किडिस आणि कोरेल या संशोधकांनी दाखवलं की नैऋत्येकडच्या राज्यांतले मेक्सिकन वंशाचे लोक गरीब असूनही त्यांचे मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास आहेत. गरिबी आणि आजार हातात हात घालून चालतात असं मानणाऱ्यांना हे कोडंच वाटलं.

कोड्याची एक किल्ली मात्र शंभर वर्षं आधीच सापडलेली होती. १८८५ साली इंग्लंडमध्ये विल्यम ओगल धंद्यानुसार मृत्यूंचे आकडे तपासत होते. त्यांच्या लक्षात आलं की अंगमेहनतीच्या धंद्यात दुबळा माणूस मुळात शिरत नाही आणि शिरलाच तर टिकत नाही. साहजिकच त्या धंद्यातली माणसं दणकट दिसतात. हा धंद्याचा गुण नव्हे, धंद्याने लावलेल्या चाळणीचा गुण आहे.

पाड्यावर मुकादम टोळी बांधतो तेव्हा हीच चाळणी लागते. एकरी ठेका असतो. ज्याला दम लागतो, जिला चक्कर येते, त्याला किंवा तिला तो घेत नाही. घरचेही पाठवत नाहीत.

एक मांडीव उदाहरण घेऊ. समजा, एका पाड्यावर १०० प्रौढ माणसं आहेत आणि त्यातल्या २० जणांना काही ना काही जुनं दुखणं आहे. टोळीत ४० जण निघाले. चाळणी लागल्यामुळे त्यांत आजारी फक्त २. म्हणजे बागेत पोचलेल्या टोळीत आजाराचं प्रमाण ५ टक्के. पिंपळगावच्या त्याच वयाच्या लोकांत ते १५ टक्के आहे असं धरू. बागायतदार म्हणणारच, हे लोक आमच्या तिप्पट निरोगी!

पाड्यावर मागे कोण उरलं? ६० जण, आणि त्यांत आजारी १८. म्हणजे ३० टक्के. बागायतदाराला पाडा दिसतच नाही. त्याला दिसते ती पाड्याने निवडून पाठवलेली टोळी.

४. शेवटी गावाकडे

आता हंगाम अर्धा सरला असं धरा. ४० पैकी आणखी ६ जण आजारी पडले. आजारी एकूण झाले ८. त्यातले ६ जण एसटीने किंवा एखाद्या पिकअपमध्ये बसून पाड्यावर परत गेले. बागेत उरले ३४ आणि त्यांत आजारी २. टक्केवारी काढा, जेमतेम ६. बागेत बसून मोजणाऱ्याला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. पाड्यावर मात्र ६६ माणसांत २४ आजारी, म्हणजे ३६ टक्के.

खरा हिशेब वेगळा आहे. निघालेल्या ४० जणांचा शेवटपर्यंत माग ठेवला तर त्यांत ८ आजारी निघतात. म्हणजे २० टक्के, स्थानिकांच्या १५ पेक्षा जास्त! तीच माणसं मोजायची जागा बदलली की स्थानिकांपेक्षा निरोगीही ठरतात आणि रोगीही.

पाश्चात्त्य अभ्यासक याला सॅमन माशाचं नाव देतात, कारण समुद्रात वाढलेला हा मासा शेवटी जन्माच्या नदीकडे परततो. आपल्याला माशाची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस उमेदीची वर्षं खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर काढायचा, आणि सुताच्या धुळीने छाती भरली, ताप हटेना झाला की गावाकडे जायचा. मरण गावच्या दप्तरात नोंदलं जायचं. काम घेतलं मुंबईने आणि मरणाचा आकडा चढला रत्नागिरी-साताऱ्याच्या नावावर. आजही शहराच्या किंवा बाजारगावच्या आकडेवारीत हा परतलेला माणूस नसतो.

५. हंगाम अंगावर काय ठेवून जातो

इथवर मोजणीचं झालं. आता खुद्द शरीराकडे येऊ.

ऊसतोडीला जाणारी जोडी निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेते. ही उचल म्हणजे पुढच्या मेहनतीवर आज घेतलेला पैसा. परगावी राबणारा माणूस आणखी एक उचल घेत असतो. ती त्याच्या स्वतःच्या अंगावरची, आणि तिची फेड बहुतेक वेळा मालकाच्या नजरेआड, गावी होते.

द्राक्षाचंच पाहा. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात. तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. त्याने कातडी भाजते, डोळे चुरचुरतात. पण त्याचा खरा डाव निराळा आहे. दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं एक विषारी द्रव्य बनवतं आणि मग यकृतातलं एक विकर ते विष निकामी करतं. पेस्टमधलं रसायन या विकरालाच बांधून ठेवतं. मग दिवसभर पेस्ट लावलेल्या माणसाने संध्याकाळी थोडीशी जरी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब खाली येतो. दारू सोडवण्यासाठी देतात त्या गोळीचं काम याच तऱ्हेने चालतं. जुन्या टोळ्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं. पहिल्यांदा आलेल्या पोराला ते सांगायचं कुणी? डब्यावरची सूचना बारीक अक्षरात असते आणि ती त्याच्या बोलीत नसते. स्थानिक मजूर आणि बाहेरचा मजूर यांच्या तब्येतीत जे अंतर पडतं, त्यातलं बरंचसं अशा न सांगितलेल्या गोष्टींमुळे पडतं.

दुसरी गोष्ट थंडीची. महाराष्ट्रातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून वर्तमानपत्रात निफाडचं नाव दर हिवाळ्यात झळकतं. तो पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला असतो. अशा रात्री बागायतदार घडांना तडा जाऊ नये म्हणून बागेत शेकोट्या पेटवतो. त्याच बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली टोळीतली लेकरं झोपलेली असतात.

उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. यात तांबड्या पेशी गोल राहायच्या सोडून विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई आणि बाप दोघांकडूनही हा दोष आला तरच पुरा आजार होतो, एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक असतो आणि त्याला सहसा त्रास होत नाही. आजार असलेल्याला कडाक्याची थंडी, अतिश्रम आणि पाणी कमी पिणं या तीन गोष्टींनी असह्य वेदनांचा झटका येतो. या हंगामात तिन्ही एकत्र येतात. पाड्याजवळच्या आरोग्य केंद्रात हा आजार ओळखीचा असतो. बागायती गावातल्या खासगी दवाखान्यात हातपाय दुखतात म्हणून सुई टोचून परत पाठवलं जाण्याचा धोका मोठा. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिची कार्डं पाड्यावर वाटली जातात, पण माणूस बागेत असतो.

क्षयरोगाची अडचणही अशीच, दोन पत्त्यांची. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो. टोळीचा मुक्काम असतो चार-पाच महिन्यांचा. म्हणजे औषध कुठेही सुरू करा, ते संपायच्या आत माणूस गाव बदलतो. सरकारच्या 'निक्षय' नोंदप्रणालीत रुग्ण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात हलवायची सोय आहे, पण आधी त्याने किंवा त्याच्या मालकाने तसं सांगायला हवं. गोळ्या मध्येच सुटल्या तर जंतू औषधाला सरावतात आणि मग साध्या क्षयापेक्षा कितीतरी हट्टी दुखणं मागे लागतं.

लेकरांच्या लसींचं आणि गरोदर बाईच्या तपासण्यांचंही तेच. आशाताईंच्या वहीत गावातली घरं असतात, बागेतल्या झोपड्या बहुधा नसतात. अशा माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने संगणकावरची नोंद सुरू केली आहे. ती उपयोगी पडावी यासाठी बागेपर्यंत कुणीतरी पोचायला हवं.

६. खाड्याचा दंड

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्याही उतरतात. पण ऊसतोडीतलं सगळ्यात कडू उदाहरण बीड जिल्ह्याचं आहे. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. एका दिवसाचा खाडा पडला की दंड होतो आणि तो उचलीत मिळवला जातो. पाळीच्या दिवसांत पोट दुखलं, अंगावरून गेलं तरी फडात जावंच लागतं. आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, मग जंतुसंसर्ग. अशा बाईला डॉक्टरने सांगितलं की पिशवी काढली की कटकट संपेल, तर ती काय ठरवेल?

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहातली एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात तीनपेक्षा कमी होतं. वयोगट अगदी सारखे नाहीत, पण वेलीचं वय विचारूनही एवढा फरक पुसला जाणार नाही. यात बीडच्या पाण्याचा किंवा जातीच्या रक्ताचा काही संबंध नाही. हा मजुरीच्या कराराने घडवलेला आजार आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

७. आपलीही पोरं बाहेरच आहेत

बागायतदाराचा थोरला मुलगा सातपूरच्या कारखान्यात, धाकटा पुण्यात आणि पुतण्या अमेरिकेत. तेही स्थलांतरितच. त्यांच्या तब्येतीचं काय होतं?

याचं उत्तर शोधताना चाळणी आडवी येऊ नये म्हणून संशोधकांनी एक नामी युक्ती केली. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर इथल्या कारखान्यांतल्या गावाकडून आलेल्या कामगारांना त्यांनी निवडलं आणि तुलना केली ती त्यांच्या गावी राहिलेल्या सख्ख्या भावंडांशी. आईबाप तेच, बालपण तेच, बदललं फक्त गाव. २०१० साली निष्कर्ष छापले गेले. गावी राहिलेल्या पुरुषांत मधुमेह ६.२ टक्के होता आणि शहरात गेलेल्यांत १४.३ टक्के. मूळच्या शहरी पुरुषांत तो १३.५ टक्के, म्हणजे गावाकडून आलेल्याने शहरवाल्याला गाठलं होतं. लठ्ठपणा गावात १९ टक्के, स्थलांतरितांत जवळजवळ ३८.

असं का होतं, याचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास केला. तिथलं नवजात बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. आपलं बाळ किडकिडीत, पण त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकवून ठेवलेली. पुढे याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी स्वतःलाच मोजलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं होतं. अंगातली चरबी निघाली युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने दोघांचा फोटो छापला. दोघेही दिसायला सडपातळच आहेत.

द्राक्षवाल्याला हे पटकन समजेल. मुरमाड रानात, कमी पाण्यावर वाढलेल्या वेलीला एकदम भरमसाट खत-पाणी दिलं तर तिचा सगळा जोर शेंड्याला जातो, घड भरत नाहीत. आईच्या पोटात टंचाई पाहिलेलं शरीर पुढे आयतं अन्न आणि बैठं काम यांच्या गाठी पडलं की असंच बिघडतं. नागलीच्या भाकरीवर वाढलेला टोळीतला पोरगा उद्या नाशिकच्या अंबडमध्ये रखवालदार झाला, रात्रपाळीत वडापाव खाऊ लागला, तर शुगर त्याला सोडणार नाही. मालकाला आज हेवा वाटतो ती त्याची तब्येत जन्माची कमाई नाही.

उलट, नव्या जागी गेलेल्या प्रत्येकाचं असंच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी लोकांत हृदयविकार मायदेशातल्यांपेक्षा खूपच जास्त आढळला. पण १९७६ साली मार्मट आणि साइम या संशोधकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की ज्यांनी आपला गोतावळा आणि रीतभात धरून ठेवली होती, त्यांच्यात तो जपानइतकाच कमी होता. परमुलखात सणाला जमणारी चार घरं ही नुसती करमणूक नसते.

८. मग रोग आणतं कोण?

टपरीवरच्या प्रश्नाला इतिहासाने दिलेलं उत्तर फार सोपं आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग फुटला तेव्हा माणसं मुंबईतून गावाकडे पळाली, आणि काही महिन्यांत पुणं पेटलं. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या त्या याच साथीत, रुग्णांची सेवा करताना. रोग शहरातल्या कोंदट चाळींत वाढला होता आणि त्याला वाहून नेण्याची पाळी मजुरांवर आली होती.

२०२० च्या मे महिन्यात पिंपळगावने हे स्वतःच्या वेशीवर पाहिलं. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागूनच जातो. मुंबई-ठाण्याकडून कसारा घाट चढून आलेली माणसं, डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, चांदवड-मालेगावच्या दिशेने चालत होती. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला नाशिकरोडहून मजुरांसाठी भोपाळची खास गाडी सुटली. तेव्हा साथीचा भर महानगरांत होता. रस्त्याने चालणारा माणूस रोग असलेल्या जागेपासून दूर जात होता, आणि त्याच्या पायातले फोड कुठल्याही विषाणूचे नव्हते.

बागायतदार मित्रहो, टोळीच्या तब्येतीचा खरा आकडा तुम्हाला सरकारी अहवालात मिळणार नाही. तो तुमच्याच घरात आहे. येत्या ऑक्टोबर छाटणीला मुकादम आला की गेल्या वर्षीची हजेरीची वही काढा, आणि या खेपेला जी नावं आली नाहीत त्यांच्यावर बोट ठेवून एकेकाचं विचारा.